ब्रेक बरोबर होता

काका, काल तुमच्या दहाव्याला खारबावला तुमच्या अंगणात मी दोन तास बसले होते. तेवढ्या वेळात निदान पाच जणांनी येऊन मला हात जोडले. "डाक्टरीनबाई, तुमी व्हत्या म्हनून जनूला सहा वरसं जास्ती भेटली," असं तुमचे थोरले भाऊ म्हणाले. तुमच्या गाळ्यातले दोघे-तिघे लूमवाले म्हणाले, "मॅडमने पकडा, वरना कौन पकडता." मी मान हलवत राहिले. एकाला तर "अहो, माझं कामच आहे ते" असंही म्हणून घेतलं. तुम्ही तिथे असतात तर माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं असतंत आणि मी दुसरीकडे बघितलं असतं.

खरी हकिगत आपल्या दोघांना ठाऊक होती. आता एकटी मी उरले. एकाच माणसाकडे राहिलेली गोष्ट हळूहळू त्या माणसाच्या सोयीची होत जाते, आणि सोयीचं तेवढं लक्षात ठेवण्यात मी किती हुशार आहे हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून पहिल्यापासून लिहून काढते आहे. कुठे चुकलं तर टोका. आजवर टोकत आलातच.

तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा आलात ते कानासाठी. भिवंडीत लूमच्या गाळ्यांच्या रांगेत कान-नाक-घशाचा दवाखाना काढल्यावर दुसरं कोण येणार? त्यातून बिघडलेल्या लूम दुरुस्त करणारे तुमच्यासारखे जॉबर म्हणजे माझे हक्काचे पेशंट. वीस-तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून सगळ्यांचे कान अर्धे गेलेले. तुमचेही गेले होते. "मना सगलं आयकू येतं," तुम्ही म्हणालात, "फकस्त बायको बोलते त्ये येत न्हाय." मी मशीन लावा म्हटलं, तुम्ही नाही म्हटलंत, आणि मी पडद्यापलीकडच्या पेशंटकडे वळले. त्या बाईंना चक्कर येत होती. त्यांना ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसवून मी हाताने गरागरा फिरवत होते, तेवढ्यात तुम्ही पडदा सारून आत डोकावलात.

"ही काय तपासनी हाय?" तुम्ही म्हणालात. "ही तं जत्रा हाय."

मला असा राग आला की विचारू नका. इतकी वर्षं शिकून, परीक्षा देऊन, कर्जबिर्ज काढून मांडलेला दवाखाना, आणि एक जॉबर येऊन त्याला जत्रा म्हणतो. मी तुम्हाला बाहेर व्हा म्हणाले. तुम्ही झाला नाहीत. खुर्चीचा एक पाय डगमगतो, वेग एकसारखा नाही आणि थांबवताना ती चांगली वीतभर घसरते, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग मीच चिडून म्हटलं, की मला एकसारखी फिरणारी आणि एकदम थांबणारी खुर्ची हवी आहे, पण ती मला परवडणारी नाही.

"येकदम म्हंजे? बाना तुटल्यावर लूम थांबते तशी?"

विणताना आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की लूमला जागच्या जागी थांबावं लागतं, नाहीतर कापडात खोट राहते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी "हो, तशीच" असं मी ठोकून दिलं.

तीन आठवड्यांनी तुम्ही हातगाडीवरून खुर्ची घेऊन आलात. सलूनमधली जुनी खुर्ची, भंगारात निघालेल्या लूमचा दांडा आणि बेअरिंग, छोटी मोटर आणि लूमचाच ब्रेक. सलमाने, माझ्या रिसेप्शनवरच्या सलमाने, तिच्यावर लगेच लिंबू-मिरची बांधली. ती खुर्ची आजही चालते. मुंबईच्या दोन मोठ्या डॉक्टरांनी येऊन तिचे फोटो काढून नेले आहेत, आणि त्यांच्याकडच्या परदेशी खुर्च्या वर्षातून दोनदा बंद पडतात हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

तुम्हाला ती कशासाठी हवी हेही समजून घ्यायचं होतं. नुसतं बनवून देणाऱ्यांतले तुम्ही नव्हतात. मी सांगितलं, की कानाच्या आत तीन बारीक नळ्या आहेत आणि त्यांत पाणी आहे. डोकं फिरलं की पाणी मागे राहतं, त्यावरून मेंदूला फिरणं कळतं आणि तो डोळ्यांना उलट दिशेला सरकवतो, म्हणजे समोरचं चित्र हलत नाही. हे आपोआप होतं. आता खुर्ची एकदम थांबवली तर माणूस थांबतो, पाणी थांबत नाही. मेंदू फसतो. डोळे हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा येतात. ते मी पेशंटला घातलेल्या जाड भिंगांच्या चष्म्यातून बघते.

"आनि मंग?"

मग मी पेशंटला सांगते, हनुवटी छातीला लावा. धड माणसाचे डोळे थोड्याच वेळात शांत होतात. का, तर नळ्यांच्या शेजारी बारीक खड्यांच्या दोन गाद्या आहेत. खाली कुठे आहे ते या खड्यांना कळतं. नळ्या ओरडत असतात की डोकं फिरतंय. पण मान अशी वाकवून डोकं खरंच फिरत असतं तर खडे सारखे इकडून तिकडे ओढले गेले असते, आणि ते तर जागेवर आहेत. लहान मेंदूच्या तळाशी, अगदी मधोमध, कानाच्या पाळीसारखी एक छोटीशी पाळी आहे, नोड्युलस नावाची. ती दोघांच्या साक्षी ताडून बघते, खड्यांचं खरं मानते आणि डोळ्यांना म्हणते, पुरे.

तुम्ही थोडा वेळ बेअरिंगला वंगण लावत बसलात. मग म्हणालात, "म्हंजे कानात पानसल हाय, आनि मेंदूत ती बगनारा येक फिटर हाय." लूम सपाट बसली की नाही हे बघायला तुम्ही गवंड्याकडची पाणसळ वापरत होतात, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की लूम सरळ. मी पाच वर्षं लहान मेंदूवर व्याख्यानं ऐकली होती, पण ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती. तेव्हापासून मी पेशंटला पाणसळच सांगते. तुमचं नाव मात्र सांगत नाही. हेही लिहून ठेवते.

भांडलो मात्र पोटभर. तुमचं म्हणणं, डोळे डोक्यात बसवलेत तर ते डोक्याप्रमाणेच चालणार. "लूम वाकडी बसवली तं धाग्याचा धोटा वाकडाच पलनार." मी म्हणत होते, नाही, इथेच तर गंमत आहे. फिरल्यावर डोळ्यांची जी आपोआप चाल होते ती डोकं कलतं केलं तर काही अंशी जमिनीच्या हिशोबाने वळते. डोकं खांद्यावर कललेलं, आणि डोळ्यांची चाल मात्र उभ्या रेषेकडे झुकायला बघते. ते वळवणारीही हीच पाळी. तुम्ही विश्वास ठेवेनात. कॅमेऱ्याचा चष्मा घेतला तेव्हा सगळ्यात आधी तुम्हालाच बसवून, मान कलती करून, फिरवून, पडद्यावर दाखवलं. डोळ्यांच्या चालीची रेघ वळलेली होती. थोडी, पण दिसण्याइतकी.

"तुजं अर्दं बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. पूर्ण बरोबर असं तुम्ही मला उभ्या आयुष्यात म्हणाला नाहीत.

उरलेलं अर्धं तुमच्या पायांत होतं. खाली कुठे आहे ते कानाला नाही, तळपायाला आधी कळतं, असं तुमचं ठाम मत. गाळ्यात शिरल्यावर कोणती लूम केसभर झुकली आहे ते चप्पल काढली की कळतं म्हणायचात. मी ते हसण्यावारी न्यायचे. त्यावर बेबीकाकू, तुमच्या मंडळी, एकदा डबा द्यायला आल्या होत्या त्या म्हणाल्या, "ह्यांना तलपायान समजतं, कानान आयकू येत न्हाय, मंग डोकं कशाला ठेवलंय?" तुम्हाला तेही ऐकू आलं नाही.

त्या खुर्चीमुळे एक पायंडा पडला. दर सोमवारी सकाळी दवाखाना उघडला की पहिल्यांदा तुम्ही बसायचं. पाच वर्षं. मी मोटर लावायची, ब्रेक मारायची, तुमचे डोळे बघायची, मान वाकवायला सांगायची आणि घड्याळ लावायची. तुमचे डोळे नेहमीच्या वेळात थांबले की खुर्ची ठीक. दुकानात एक खात्रीचं किलोचं वजन असतं, त्यावरून बाकीची वजनं तपासतात, तसे तुम्ही. मग चहा, मग तुमची ड्युटी. आपल्या दोघांना याचा फार अभिमान होता.

आणि इथेच माती खाल्ली.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, की आडवं पडलं की घर खाली जातंय. मी तुम्हाला टेबलावर निजवलं, डोकं मागे सोडलं आणि डोळे बघितले. ते खालच्या बाजूला झटके देत होते. मला आनंद झाला, काका. हे मी आजवर कबूल केलेलं नाही. कानातले खडे सुटून नळीत शिरले की निजल्यावर चक्कर येते. ते रोजचं आहे. रोज मी दोघा-तिघांचे खडे परत जागेवर बसवते. काल्हेरच्या गोदामांतून माल उचलणारे बाप्ये येतात, एका बैठकीत बरे होऊन जातात. पण डोळे खाली झटके देत असतील तर खडे पुढच्या नळीत आहेत असं समजतात, आणि ते क्वचित. माझ्याच माणसाकडे क्वचित दिसणारी गोष्ट सापडली म्हणून मी खूश. खाली झटके देणारे डोळे कधीकधी मेंदूतल्या बिघाडाचे असतात, हे मला पाठ होतं. पण ते इतर लोकांच्या बाबतीत.

चार महिने मी तुम्हाला निजवत, उठवत, वळवत होते. "बरं वाटतंय ना?" मी विचारायची. "तू बोलतेस तं वाटतं," तुम्ही म्हणायचात.

आणि त्याच चार महिन्यांत, सोमवारी सकाळी, खुर्ची थांबल्यावर तुम्ही मान वाकवायचात आणि तुमचे डोळे थांबायचे नाहीत. चालतच राहायचे. पहिल्या सोमवारी मी म्हटलं, "काका, ब्रेक घसरतोय." तुम्ही ब्रेक उघडलात, पुसलात, बसवलात. दुसऱ्या सोमवारी तेच. तुम्ही पट्टा बदललात. तिसऱ्या सोमवारी तुम्ही पूर्ण ब्रेक खोलून वर्तमानपत्रावर मांडलात, एकेक तुकडा हातात घेऊन बघितलात, परत जोडलात आणि पाना खाली ठेवून म्हणालात, "ब्रेक बरोबर हाय, बाय. मीच बिगरलोय."

मी हसले. "म्हातारे झालात," म्हणाले, "वंगण घाला."

काका, यापेक्षा स्पष्ट भाषेत कोणत्याही पेशंटने मला त्याचा आजार सांगितलेला नाही. मान वाकवल्यावर डोळे न थांबणं ही त्या पाळीच्या बिघाडाची खूण पुस्तकात ठळक अक्षरात आहे. ती मी तुम्हालाच शिकवली होती. तुम्ही ती स्वतःच्या अंगावर ओळखलीत, यंत्र निर्दोष असल्याची तीनदा खात्री केलीत आणि मला येऊन सांगितलंत. आणि मी काय केलं, तर दर सोमवारी तुम्ही गेल्यावर स्वतः पाना घेऊन ब्रेक आणखी आवळत राहिले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर ते चांगलं अंगण खणायला घेतलं होतं. जो वजनकाट्याचं माप आहे तोच हलका झालाय हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझ्या हिशोबात सगळं जग बिघडू शकत होतं, तुमचे डोळे सोडून.

मग तो सोमवार. तुम्ही गणेशपुरीला साडूच्या मुलीच्या हळदीला गेला होतात. पाच वर्षांत पहिल्यांदा तुमचा सोमवार चुकला. खुर्ची तपासायची होती, आणि चक्कर येणाऱ्या पेशंटच्या डोळ्यांवरून ती तपासता येत नाही, म्हणून मी सलमाला बसवलं. ती काकुळतीला आली. "मॅडम, मेरेको उलटी हुई तो साफ आप करोगी," असं माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि ओढणी घट्ट गुंडाळून बसली. मी फिरवलं, थांबवलं. डोळे सुरू झाले. "मान खाली कर." तिने केली, आणि तिचे डोळे थांबले.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मैं ठीक हूँ ना? आप ऐसे क्या देख रहे?"

ती ठीक होती, खुर्चीही ठीक होती. आणि तुमचं 'मीच बिगरलोय' हे वाक्य माझ्या कानात तुमच्या आवाजात जसंच्या तसं आलं. मी घाबरले होते. चार महिन्यांत डोक्यातली एखादी गोष्ट किती वाढू शकते याचा हिशोब मी करायला लागले आणि मग तो सोडून फोन उचलला.

तिकडे हळदीचा बेंजो वाजत होता. तुम्हाला एरवीही फोनवर ऐकू येत नसे.

"कोन गेलं?" तुम्ही ओरडलात.

"कुणी नाही. तुम्ही या. आत्ता या."

"हलदीचं मटन टाकून?"

"टाकून."

बहुधा माझा आवाज वेगळा लागला असावा, कारण तुम्ही पुढे वाद घातला नाहीत. एस.टी.ने आलात, दुपारी, कोपरापर्यंत हळद वाळलेली, सदऱ्यावर पिवळे डाग. मी तुम्हाला खुर्चीत बसवलं. फिरवलं, थांबवलं, मान वाकवायला लावली. डोळे चालत राहिले. मी घड्याळ बंद केलं.

"ब्रेक?" तुम्ही मान वर न करता विचारलंत.

"ब्रेक बरोबर आहे."

त्या वेळी तुम्ही मला म्हणू शकला असतात, की मी बोललोच होतो. मी तयार होते. मी खांदे आवळून उभी होते. तुम्ही चष्मा काढलात, हाताच्या हळदीकडे बघितलंत आणि म्हणालात, "मंग आता मटन काय उरलं नसंल." एवढंच. मी एम.आर.आय.ची चिठ्ठी लिहिली.

गाठ होती. लहान मेंदूच्या तळाशी, त्या पाळीला टेकून दाबत बसलेली. साधी निघाली. मुंबईला सरकारी इस्पितळात काढली, आणि ज्या सर्जनने काढली तो मला म्हणाला, "बरं झालं लवकर पाठवलंत." मी त्यालाही थँक्यू म्हणाले.

तुम्ही उठलात. भिंत धरून चाललात, मग काठी, मग काठी टाकली. तीन महिन्यांनी गाळ्यात उभे होतात, आणि "वाकलो का जमीन थोरी जाते, पन परत येते" असं जे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात त्याने माझ्या दवाखान्याची जाहिरातच झाली. तुमचे डोळे मात्र मान वाकवल्यावर पुन्हा कधी वेळेत थांबले नाहीत. ती पाळी गेली ती गेली. सोमवारी आता सलमा बसायची, तुम्ही बाजूच्या बाकावर बसून तिला चिडवायचात आणि पाना तुमच्याच हातात असायचा.

पायाचं भांडण मात्र तुम्ही त्या सहा वर्षांत जवळजवळ जिंकलंत. एके दिवशी तुम्हीच फळी आणलीत, खाली गोल लाकूड लावलेली. डोळ्यांना पट्टी बांधून अनवाणी उभे राहिलात आणि मला म्हणालात, फळी कुठंही झुकव. मी झुकवत गेले आणि तुम्ही दरवेळी बोट दाखवून सांगितलंत, इकडं, तिकडं, आता सपाट. एकदाही चुकला नाहीत. "फिटर गेला," तुम्ही म्हणालात, "पन तलपाय हाय ना." मी म्हटलं ते वेगळं. तुम्ही म्हणालात, वेगलं कसं? मी पुढचा पेशंट आत बोलावला. काका, ते वेगळं नाही. खाली कुठे आहे हे सांगणाऱ्या साक्षी अंगभर आहेत, तळपायात, सांध्यांत, पोटात सुद्धा, आणि मेंदू त्या सगळ्या ऐकतो. तुमचं अर्धं बरोबर होतं. हे मला दोन वर्षांपूर्वी वाचनात आलं आणि तुम्हाला सांगायचं मी लांबवत राहिले, कारण तुम्ही मग पूर्ण बरोबर मागितलं असतंत.

एक गोष्ट राहिली. मी तुमची केस डॉक्टरांच्या सभेत मांडली होती. खूप टाळ्या मिळाल्या. तुम्ही म्हणालात, मना दाव. मी लॅपटॉपवर दाखवलं. सगळं इंग्रजीत, तुम्ही मला वाचून अर्थ सांगायला लावलंत. "चौपन्न वर्षांचा पुरुष, तपासणीत असं आढळलं की..." मी वाचत होते. तुम्ही विचारलंत, "ह्याच्यात मी कुटं हाय?" मी म्हटलं, "हे काय, चौपन्न वर्षांचा पुरुष." तुम्ही हसलात. "पुरुस तरी ठेवलास." मीही हसले. आणि 'आढळलं' या शब्दाच्या मागे मी लपले होते हे तुम्हाला कळलं होतं की नाही, याचा मला सहा वर्षं अंदाज येत नव्हता. विचारायची हिंमत झाली नाही. सोमवारामागून सोमवार गेले. मग मागच्या आठवड्यात तुम्ही जेवून ओटीवर आडवे झालात आणि उठला नाहीत. हृदय, असं सांगितलं. डोक्याचा काही संबंध नव्हता ना, असं मी त्या डॉक्टरला तीनदा विचारलं. नव्हता.

इथवर काल लिहून झालं होतं. आज तुमचं बारावं. सकाळी दवाखाना बंद ठेवून मी पुन्हा खारबावला गेले. माणसं यायच्या आधी पोचायचं होतं. बेबीकाकू मागच्या पडवीत वाल सोलत होत्या. मी शेजारी बसले, मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. चार महिने मी चुकीचे उपचार करत होते. काकांना आधी कळलं होतं. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी हसले होते. लोक मला हात जोडतात ते खोटं आहे. त्या चार महिन्यांत गाठ आणखी वाढली असती तर हे बारावं सहा वर्षांपूर्वीच झालं असतं. सांगताना मी रडेन असं वाटलं होतं, रडले नाही. भराभरा बोलत गेले, परीक्षेत बोलतात तशी.

काकूंनी हात थांबवला नाही. त्या ऐकत होत्या असंही वाटेना. मी संपवलं तेव्हा ताटातल्या शेंगा बाजूला सारून म्हणाल्या, "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"त्येच. घरी येऊन बोलले व्हते. बोलले, बायला अजून गवसलं न्हाय. चार महिने रोज तेच. मी बोलले, मंग दुसऱ्या डाक्टरकडं जा, ठान्याला जा. मी भांडले, बाय, खोटं कशाला बोलू. मना भ्या वाटत व्हतं."

"मग गेले का नाहीत?"

"बोलले, दुसऱ्याला मी सांगन आनि तो आयकनार न्हाय, आनि मी भाईर आलो का तो इसरंल. ही बी आयकत न्हाय," काकू म्हणाल्या, "पन ही इसरत न्हाय."

बाहेर माणसं यायला लागली होती. काकू पदर सारखा करून उठल्या, मला म्हणाल्या, ते वाल आत घे. मी ताट घेऊन चुलीजवळ गेले आणि तिथेच उभी राहिले, आणि मघाशी न आलेलं रडू तिथे आलं.

शिकत होते तेव्हा परीक्षकांनी मला नावं ठेवली, सरांनी ठेवली, घरच्यांनी तर ठेवलीच. पण माझं इतकं नेमकं निदान कुणी केलं नव्हतं, काका, आणि तुम्ही ते केलंत, त्यावर स्वतःचा जीव टांगून चार महिने थांबलात, आणि मला कधी कळू दिलं नाहीत. यावर औषध काय तेवढं सांगायला मात्र थांबला नाहीत.